पाय न टेकणारी गाडी

नवी मोटारसायकल घरी आली त्या दिवशी मी सकाळी दहा वाजता तिच्यावर बसलो आणि पावणेअकरापर्यंत मला उतरता आलं नाही.

लोक नव्या गाडीचा पहिला अनुभव सांगताना वाऱ्याबद्दल बोलतात. वारा मलाही लागला, पण जागच्या जागी. झालं असं, की टेम्पोवाल्यांनी गाडी फाटकापाशी उतरवली, माझी सही घेतली आणि ते गेले. मी फाटकाच्या पायरीवर उभं राहून टांग टाकली, तिरकी उभी असलेली गाडी सरळ केली, टाचेने स्टँड वर घेतला, तशी ती पायरी सोडून हातभर पुढे सरकली, आणि मी ऐटीत दोन्ही पाय खाली सोडले. पाय खाली गेले, आणखी खाली गेले, आणि जमीन काही आली नाही. डाव्या हाताला फाटकाचा खांब होता म्हणून मी आज हे लिहितोय. खांबाला मिठी मारून मी बसून राहिलो. स्टँड पुन्हा खाली करायला पाय सोडला की गाडी उजवीकडे कलायची. खांब सोडला की सगळंच कलायचं.

इथे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी एकोणतीस वर्षं लिफ्ट-तपासनीस होतो. या शहरातल्या शेकडो लिफ्ट मी वरखाली करून पाहिल्या आहेत. मजल्याची फरशी आणि लिफ्टचा तळ यांच्यात अर्ध्या इंचाचा फरक निघाला तरी मी लिफ्ट बंद करायला लावायचो, मग सोसायटीचे लोक कितीही गोड बोलोत. माझ्या खिशात अजूनही पोलादी टेप असते. आणि त्या माणसाला स्वतःचे पाय आणि जमीन यांच्यातलं अंतर गाडी घेण्याआधी मोजावंसं वाटलं नाही.

तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनी कापड झटकायला बाहेर आल्या. त्या आमच्या हिच्या मैत्रीण.

"भाऊजी, कोणाची वाट बघताय का?"

"छे, छे. जरा गाडीची ओळख करून घेतोय."

"बरं बरं. करून घ्या."

वीस मिनिटांनी त्या पुन्हा बाहेर आल्या.

"अजून ओळख चाललीच आहे?"

"गाडी नवी आहे ना, वहिनी. घाई करून चालत नाही."

त्या आत गेल्या. मी त्यांना हाक मारायला हवी होती. पण आठ महिने मी कोणाला हाक मारली नव्हती आणि आता खांबाला लटकून सुरुवात करणं काही बरं दिसलं नसतं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खाली आले. त्यांनी चष्मा पुसून मला नीट पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही अडकलात की काय?"

"थोडासा."

मग त्यांनी वहिनींना हाक मारली, दोघांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरली आणि मला मांडवाच्या खांबासारखं उचलून उतरवलं. उतरल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे टेप काढली. बैठक जमिनीपासून पस्तीस इंच. माझा पाय आतून एकोणतीस. बसल्यावर गाडी इंच दोन इंच आदबीने दबते ते धरलं, तरी चार इंच उरतात. चार इंचांवर मी एक आख्खी इमारत बंद ठेवली असती.

आता ही गाडी घेतलीच का, असं कोणीही विचारेल, आणि प्रत्येकाने विचारलंच.

आमच्याकडे जुनी स्कूटर आहे. तिच्यावर मागे आमची ही बसायची, सव्वीस वर्षं. गाडी मी चालवत असलो तरी हुकूम मागून यायचे. "हळू." "पुढे खड्डा." "त्या ट्रकच्या मागे कशाला लागताय, तो काय आपल्याला वाढदिवसाला बोलावणार आहे?" ही गेली आणि मी स्कूटर काढली, तर मान आपोआप डावीकडे वळायची. कान मागे जायचा. खड्डा आला की मी वेग कमी करायचो आणि वाट बघायचो. मागून काहीच यायचं नाही. दोन महिन्यांनी मी स्कूटरवर ताडपत्री टाकली आणि पायी फिरायला लागलो. पाव आणायला पायी, बिल भरायला पायी. लोक भेटले की काय बोलायचं कळायचं नाही, म्हणून लांबच्या गल्लीने पायी.

एक दिवस असाच चालताना शोरूममध्ये शिरलो आणि टक्कल पडलेल्या विक्रेत्याला म्हटलं, "मला अशी गाडी दाखवा, जिच्यावर मागे कोणी बसू शकत नाही."

अशी मागणी त्याच्या आयुष्यात आली नसावी. त्याने मला कोपऱ्यात नेलं. तिथे ही उभी होती. उंच, सडपातळ, नाकाखाली चोच, सायकलीला शोभेल असा तळहाताएवढा दिवा.

"याला सुपरमोटो म्हणतात, काका. गाडी मुळात डोंगरातली, चिखलातली. पण चाकं डांबरी रस्त्याची लावलीत. म्हणजे शेतकऱ्याने गमबूट काढून नाचायचे बूट घालावेत तसं."

"मागे कोणी बसतं का?"

"नावाला जागा आहे. पण कोणी बसलंच तर पहिल्या वळणानंतर नातं तुटतं."

मी बसून पाहिली. पाय छान टेकले. खांबाला लटकल्यावर आठवलं, की शोरूममध्ये गाडी प्रदर्शनाच्या चौथऱ्याला चिकटून उभी होती आणि माझा पाय टेकला होता तो चौथऱ्यावर. विक्रेत्याने फसवलं नाही. मीच चौथरा धरून सही केली.

गाडी आली ही बातमी इमारतीत अर्ध्या तासात पसरली आणि सल्ले सुरू झाले. एकाने उंच टाचेचे बूट सुचवले. दुसऱ्याने मला वजन वाढवायला सांगितलं, म्हणजे गाडी आणखी दबेल. चार इंच दबायला किती खावं लागेल याचा हिशोब त्याने दिला नाही. मास्तर म्हणाले, "पाय टेकायची गरज काय? विमानाचे पाय कुठे टेकतात?" मी म्हटलं, विमानाला धावपट्टी असते. ते म्हणाले, "मग तुमच्या विमानाला काय हवं ते आपण बघू." मास्तर कुठलीही गोष्ट अर्धवट ऐकतात, पण मनावर घेतात.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती चार तासांच्या अंतरावर राहते, औषधांच्या कारखान्यात नोकरी करते आणि आईसारखी थेट मुद्द्यावर येते.

"बाबा, तुम्ही रेसची गाडी घेतली?"

"रेसची नाही गं. चिखलातली आहे, पण बूट बदललेत."

"मला वहिनीकाकूंनी फोटो पाठवलाय. तुम्ही खांबाला मिठी मारून बसलाय."

फोटो कधी काढला हे मला अजून कळलेलं नाही.

"बाबा, मी खोली रिकामी करून ठेवलीय. तुम्ही दिवाळखोर कंपनीसारखे एकटे किती दिवस चालवणार आहात? घर बंद करा आणि या."

"बघू."

"बघू नाही. तुमचं लायसन तरी चालू आहे का?"

मी ताठ आवाजात म्हटलं, "एकोणतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय. माझा एक कागद जुना नसतो." आणि फोन हातात धरूनच कपाटातून लायसन काढलं. मुदत एक वर्ष चार महिन्यांपूर्वी संपली होती. ती तारीख मी बघत राहिलो. त्या आठवड्यात आम्ही दोघं इस्पितळात होतो. तेव्हा मला वार आठवत नव्हता, तारीख कुठली आठवायला.

लेकीला बहुतेक माझ्या गप्प बसण्यावरूनच कळलं. ती जरा हळू आवाजात म्हणाली, "बरं. एक करू. तुम्ही परीक्षा द्या. मी येते त्या दिवशी. पास झालात तर मी बोलणार नाही. नापास झालात तर गाडी परत आणि तुम्ही माझ्याकडे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मला घर सोडायचं नव्हतं. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे, खोलीही उजेडाची आहे. पण या घरात आमची ही अजून थोडी थोडी शिल्लक आहे. फ्यूजच्या पेटीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "हात लावू नका, आधी मला विचारा." लिफ्ट खात्यातल्या माणसासाठी लिहिलेली. मी अजून हात लावत नाही. जिन्यातला दिवा गेला तेव्हाही मी वायरमन बोलावला.

परवाना कार्यालयात गेलो तेव्हा मास्तर सोबत आले. त्यांचं म्हणणं, सरकारी खिडकीसमोर एकटं जाऊ नये, खिडकीला कळतं. पहिल्या खिडकीने सांगितलं, मुदत संपून वर्ष झालं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. शिकाऊ परवाना, खुणांची परीक्षा, डोळे, डॉक्टर, मग मैदानावर चाचणी. मी म्हटलं, मी चाळीस वर्षं चालवतोय. खिडकी म्हणाली, "म्हणजे सवयी बिघडल्या असतील." दुसऱ्या खिडकीने मला तांबड्या अक्षराची पाटी दिली आणि गाडीला पुढे-मागे लावायला सांगितली. एकसष्टाव्या वर्षी मी शिकाऊ झालो. माझ्या पुढच्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेच्या पहिल्या दिवशी शेजारच्या बाकावरच्याकडे बघतात.

तिसऱ्या खिडकीवर अडलं. फॉर्मवर एक रकाना होता: अपघात झाल्यास कोणाला कळवावे. मी तो रिकामा ठेवला.

"हे भरा," बाई म्हणाल्या.

"मुलगी आहे, पण ती दुसऱ्या शहरात असते."

"इथलंच हवं. आधीच्या फॉर्मवर काय होतं?"

आधीच्या फॉर्मवर हिचं नाव होतं. फोन नंबरही तिचाच, तो मी अजून बंद केलेला नाही. मी पेन हातात धरून उभा राहिलो. मागे रांग होती. रांगेतल्या लोकांनी घसे खाकरले. मास्तरांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि म्हणाले, "माझं नाव लिहितो. मात्र मी बारा ते चार झोपतो. तेवढ्यात पडू नका."

बाई म्हणाल्या, "नातं?"

मास्तर म्हणाले, "वरचा मजला."

बाईंनी ते लिहून घेतलं. मला वाटतं त्या फॉर्मवर अजून तसंच आहे.

शिकाऊ माणसाबरोबर लायसनवाला माणूस हवा, असा नियम. मास्तरांकडे लायसन होतं, वाहन फक्त सायकल. त्यांनी सायकल काढली. मी गाडी फाटकाच्या पायरीला लावून बसलो, कळ दाबली आणि इंजिन असं सुरू झालं, जसं कोणी रिकाम्या पिंपात एकाच लयीत बटाटे टाकतंय. वहिनी खिडकीत आल्या. मी क्लच सोडला.

आता खरंच सांगतो, पहिले पन्नास फूट मी काही विचार केला नाही. उजवी मूठ थोडी पिळली की पुढचं चाक हलकं होतं, जणू गाडी म्हणते आहे, जाऊ ना? ब्रेक लावला की नाक खाली घालून नमस्कार करते. हँडल एवढं रुंद, की शिडी आडवी घेऊन बाजारातून निघाल्यासारखं वाटतं. पण वळवायची म्हटलं की नुसती नजर तिकडे फिरवली तरी पुरते. बैठक म्हणाल तर रंग दिलेली फळीच. आरशात मागचं सगळं थरथरत दिसतं, एका मास्तरांचे तीन मास्तर दिसत होते आणि तिघंही ओरडत होते, "हळू! साहेब, हळू!" पहिल्याच गिअरमध्ये ते मागे पडले होते. आणि उंची! मी कुंपणांच्या वरून बघत होतो. कोणाच्या गच्चीवर काय वाळतंय, कोणत्या बंगल्यात माळी झोपलाय, सगळं. शेकडो लिफ्टमधून वर गेलो, पण लिफ्टला खिडकी नसते.

मग चौक आला आणि थांबायचं आठवलं.

चौकात मी थांबलो नाही. डावीकडे वळलो, कारण डावीकडे वळता येत होतं. पुढच्या चौकात पुन्हा डावीकडे. असं चार वेळा केल्यावर माणूस आपल्या घरापाशी येतो. वहिनी फाटकात होत्या.

"वहिनी, धरा!"

"काय?"

मी पुढे गेलो. दुसऱ्या फेरीला म्हटलं, "गाडी धरा!" त्यांनी मानेभोवतीची टेप फेकली आणि धावल्या, पण तोवर मी पुढे गेलो होतो. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावरचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी रस्त्यात उभा. चांगला दांडगा माणूस आहे. त्याने एका बाजूने, वहिनींनी दुसऱ्या बाजूने गाडी पकडली आणि मी उभा राहिलो. माझ्या सदऱ्यावर पिठाचे दोन पंजे उमटले.

बेकरीवाला धापा टाकत म्हणाला, "काका, आठ महिन्यांत तुम्ही माझ्याशी 'दोन पाव' यापलीकडे बोलला नाहीत. आज एकदम 'धर रे, धर रे'!"

मला खूप हसू आलं. आठ महिन्यांनी आलं म्हणून जरा मोठं आलं. वहिनींनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि पीठ गेल्याचं कारण सांगितलं. पीठ माझ्या सदऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी उपाय शोधला. ही माझी ओळखीची भाषा होती. कुठल्या फूटपाथची कड किती उंच, ते मी टेपने मोजून वहीत लिहिलं. कड पाच इंचांहून जास्त असेल तर डावा पाय नीट टेकतो. बँकेसमोर सहा इंच, उत्तम. पोस्टासमोर तीन, धोका. शाळेसमोर कड फुटलेली, तिथे लाल खूण. फूटपाथवर टेप लावून बसलेला म्हातारा पाहून दोघांनी मला नगरपालिकेचा माणूस समजून तक्रारीही सांगितल्या. मी त्या लिहून घेतल्या, सवयीने.

जिथे कड नव्हती तिथे माणसं होती. बेकरीवाल्याने दुकानासमोर पावाची एक लाकडी पेटी उलटी ठेवली. "काका, यावर पाय ठेवा आणि बसल्या बसल्या ऑर्डर द्या." वहिनींनी फाटकात स्टूल आणून ठेवलं. वाचनालयाच्या दारात कडच नाही, तर तिथल्या ग्रंथपालाने पायरीवर येऊन गाडी धरायचं कबूल केलं; मात्र पुस्तक उशिरा आणलं तर धरणार नाही, अशी अट घातली. आणि थांबलं की बोलणं आलंच. पेटीवर पाय ठेवलेल्या माणसाला घाईने जाता येत नाही, पाय उचलायला आधी मन तयार करावं लागतं. तेवढ्यात बेकरीवाला भट्टीबद्दल सांगतो, त्याच्या बापाला दिसेनासं झालंय ते सांगतो. एकदा तो म्हणाला, "काकू असताना त्या ब्रेड दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, 'हा काल रात्री रडलाय.' " मला हे माहीत नव्हतं. आमच्या हिचं हे वाक्य मला एका पेटीवर पाय ठेवल्यामुळे मिळालं. त्यानंतर मी लांबच्या गल्लीने गेलो नाही.

परीक्षेच्या दिवशी लेक सकाळीच आली. तिने येताना गाडीत रिकाम्या सुटकेस आणल्या होत्या. दोन मोठ्या. डिकी उघडी होती, मला दिसल्या.

मैदानावर पांढऱ्या रंगाने आठाचा आकडा काढला होता. त्याच्यावरून गाडी फिरवायची, रेषा ओलांडायची नाही, आणि मुख्य म्हणजे पाय जमिनीला लागला तर नापास. परीक्षक बाई शिट्टी आणि कागद लावलेली फळी घेऊन उभ्या. माझ्या आधी चौघं होते. लहान, बुटक्या गाड्यांवर चौघांचेही पाय आयते खाली. पहिल्या वळणाला एकाचा पाय टेकला, शिट्टी. दुसऱ्याचा टेकला, शिट्टी. तिसऱ्याने सवयीनेच टेकला आणि मग टेकला नाही म्हणून भांडला. चौथी माझ्याबरोबर खुणांच्या परीक्षेला असलेली मुलगी, ती थोडक्यात वाचली.

कुंपणापलीकडे लेक उभी होती, हाताची घडी घालून. अगदी हिच्यासारखी.

मी मैदानाच्या पायरीवरून गाडीवर बसलो. घराचं दार, फ्यूजच्या पेटीवरची चिठ्ठी आणि त्या दोन रिकाम्या सुटकेस, सगळं एकदम डोळ्यांसमोर. शिट्टी झाली. मी निघालो.

आणि मला उमगलं, की ज्याचे पाय जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, त्याचा पाय जमिनीला लागणार कसा? माझ्यापुढे मोहच नव्हता. मी वळणाच्या पलीकडे बघायचो, गाडी तिकडे जायची. रुंद हँडल आठाच्या पोटात असं वळत होतं, जसं वहिनी कात्री वळवतात. एक आठ झाला. रेषेला स्पर्श नाही. दुसरा झाला. बाईंनी फळीवर खूण केली.

"झालं, काका! थांबा!"

मैदानावर कड कुठे असते?

मी तिसरा आठ सुरू केला.

"काका, झालं म्हटलं!"

"थांबतो हो बाई! कुठे ते सांगा!"

चौथा आठ. पाचवा. सहाव्याला बाईंनी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली नाही; शिट्टी पाय टेकण्याची असते आणि पाय तर टेकत नव्हता. तेवढ्यात कुंपणाचं दार उघडलं. बेकरीवाला डोक्यावर पेटी घेऊन धावत आला. मागे वहिनी, हातात स्टूल. मागे मास्तर, हातात नियमांचं पुस्तक. मी कोणालाही बोलावलं नव्हतं. सकाळी दहा वाजता बेकरी बंद ठेवून तो माणूस आला होता. वहिनींच्या गळ्यात कोणाचं तरी अर्धं माप घेतलेली टेप तशीच होती. त्यांनी मला आठाच्या मधोमध पकडलं.

परीक्षक बाई जवळ आल्या. "हा काय प्रकार आहे?"

मास्तरांनी पुस्तक उघडलं. "नियम बावीस. आठ काढताना पाय टेकू नये. टेकला नाही. थांबल्यावर गाडी कोणी धरावी याबद्दल नियम गप्प आहे."

"आणि रस्त्यावर रोज तुम्ही येणार का धरायला?"

बेकरीवाला म्हणाला, "रोजच येतो की, बाई."

बाई हसल्या नाहीत. ते मला आवडलं. मीही तपासनीस होतो तेव्हा हसत नसे. त्या म्हणाल्या, "सगळे बाजूला व्हा. काका, तुम्ही एकट्याने जा आणि त्या ऑफिसच्या पायरीपाशी थांबून दाखवा. एकदाच."

पायरी पाहिली. लांबूनच कळलं, सहा इंच, फार तर साडेसहा. मी गेलो, गाडी तिला समांतर आणली, नाक खाली घालून गाडीने नमस्कार केला आणि माझा डावा पाय पायरीवर उतरला. पायरी आणि चाक यांच्यात दोन बोटं अंतर. धक्का नाही. बाईंनी वाकून ते अंतर पाहिलं. मग फळीवर सही केली.

घरी जाताना लेक तिच्या गाडीतून माझ्या मागे होती. मला आरशात तिच्या तीन गाड्या दिसत होत्या. वाचनालयापाशी ग्रंथपाल पायरीवर आला, गाडी धरली, पास झालो का विचारलं, माझा हात दाबला. बेकरीपाशी पेटी परत जागेवर आली होती. फाटकात स्टूल होतं. मी उतरलो.

लेक गाडीतून उतरली, डिकी उघडून तिने सुटकेसकडे पाहिलं. मग डिकी बंद केली, जोरात, आईसारखी.

"बाबा, तुम्ही राहा इथेच."

"खरंच?"

"आमच्याकडे तुम्हाला धरायला एवढी माणसं मी कुठून आणू?"

मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मीही थोडा रडलो. वहिनींनी खिडकी लावून घेतली. मास्तर मात्र उघड्या खिडकीतून बघत राहिले, त्यांना अर्धवट काही बघायला आवडत नाही.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. मागच्या आठवड्यात पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी नेली. मेकॅनिकने मला पिंपावरून चढताना पाहिलं आणि म्हणाला, "काका, एवढा त्रास कशाला काढता? याची मागची पट्टी बदलली, थोडी बैठक कापली की चार इंच खाली येते. तासाभराचं काम आहे. दोन्ही पाय मस्त टेकतील. मग कोणाची गरज नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. चांगला माणूस आहे, मनापासून सांगत होता. त्याच्या हातात पाना तयार होता.

"बघू," मी म्हटलं. "घाई नाही. तुम्ही आत्ता जरा इकडून धरा, मी बसतो."